अनुभव कोणाचा, पडदा कोणाचा?

१

'अनुभव' हा शब्द दलित साहित्याला कोणी आंदण दिलेला नाही. तो भांडून घ्यावा लागला. प्रस्थापित मराठी समीक्षा अनुभवाविषयी पुष्कळ बोलत होती. त्याची उत्कटता, त्याचे सेंद्रियत्व, त्याची अलौकिकता यांवर तिने पानेच्या पाने खर्ची घातली. पण अनुभव घेणारा माणूस गावाच्या कोणत्या बाजूला राहतो, हा प्रश्न तिला कलाबाह्य वाटत होता. बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, आणि हा प्रश्न कलेच्या आतलाच आहे हे मान्य करणे तिला भाग पडले. अनुभव कोणाचा हे विचारल्यावाचून अनुभवाची प्रत ठरवता येत नाही, ही दलित समीक्षेने मराठीला दिलेली फार मोठी देणगी आहे.

आज हाच शब्द एका निराळ्याच व्यवसायाच्या पाटीवर झळकतो आहे. 'यूझर एक्सपिरिअन्स डिझाइन', म्हणजे वापरकर्त्याच्या अनुभवाची रचना, असे त्या व्यवसायाचे नाव. मोबाइलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे, अर्जात कोणता प्रश्न आधी विचारावा, चूक झाली तर यंत्राने माणसाशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे ठरवणारी माणसे आता मोठ्या पगारावर नेमली जातात. त्याचे अभ्यासक्रम निघाले आहेत. आपल्या वस्त्यांतली काही मुलेही त्या वाटेने निघाली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे.

साहित्याच्या आणि समाजचिंतनाच्या पानांवर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. रेशन, मजुरी, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, नोकरीचा अर्ज, यांतले जवळजवळ प्रत्येक काम आता कोठे ना कोठे पडद्यापाशी येऊन थांबते. पूर्वी चावडीवर आणि कचेरीच्या व्हरांड्यात जे घडत होते, ते आता काचेवर घडते. कचेरीतल्या कारकुनाची भाषा, त्याची नजर, त्याचे ताटकळत ठेवणे हे सारे आपल्या आत्मकथनांनी साहित्यात आणले. काचेलाही भाषा असते आणि नजर असते. तिची समीक्षा करणे हे आपलेच काम आहे.

२

आधी या व्यवसायाचे जे श्रेय आहे ते मोकळेपणाने दिले पाहिजे.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात अपघात झाला. बोट प्रथम दाखवले गेले ते यंत्र चालवणाऱ्या माणसांकडे. त्यांच्या हातून चुका का झाल्या हे तपासण्यासाठी ज्या तज्ज्ञांना बोलावण्यात आले त्यांत डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. नियंत्रणकक्षाची मांडणीच अशी होती की तेथे चूक होणे साहजिक होते, असे त्यांना दिसले. पुढे १९८८ साली त्यांनी 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' हे पुस्तक लिहिले. नंतर ते 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने जगभर गेले, आणि २०१३ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. १९९३ साली नॉर्मन ॲपल कंपनीत गेले. 'यूझर एक्सपिरिअन्स' हा शब्द व्यवसायात रूढ झाला तो तेथून.

या पुस्तकाचा गाभा एका वाक्यात सांगता येईल. दार ढकलायचे की ओढायचे हे कळले नाही तर माणसाने स्वतःला मूर्ख समजू नये. दोष दाराच्या रचनेत शोधावा. हा विचार लहान नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या 'यांच्या डोक्यातच शिरत नाही' असे म्हणून पोरांना मागच्या बाकावर बसवले गेले. शिकवण्याची रीत, पाठ्यपुस्तकाची भाषा, शाळेची वेळ यांना कोणी दोषी धरले नाही. माणसाच्या माथी मारलेला दोष उचलून रचनेच्या माथी ठेवणे, ही कृती आपल्या चळवळीला परकी नाही. पूर्वजन्मीचे कर्म हे दुःखाचे कारण आहे असे सांगणाऱ्या व्यवस्थेला बाबासाहेबांनी हाच प्रश्न केला होता: दोष माणसाचा की रचनेचा? म्हणून नॉर्मन यांच्या पुस्तकाशी आपले पहिले नाते स्वागताचेच असले पाहिजे.

माझा आक्षेप पुढे सुरू होतो. हा विचार दारापाशी थांबतो. दार कोणासाठी उघडे आहे, येथवर तो येत नाही.

३

या शास्त्रात 'अफॉर्डन्स' नावाची एक मध्यवर्ती कल्पना आहे. मानसशास्त्रज्ञ जे. जे. गिब्सन यांनी ती मांडली आणि नॉर्मन यांनी ती वस्तुरचनेत आणली. एखादी वस्तू एखाद्या माणसाला काय करू देते, तो तिचा अफॉर्डन्स. खुर्ची बसू देते, मूठ धरू देते, पायरी चढू देते. चांगली रचना ती, जी हे न सांगता कळवते.

आता महाडचे चवदार तळे या कल्पनेसमोर ठेवून पाहू. पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. पाणी ओंजळीच्या उंचीवर आहे. या शास्त्राच्या हिशेबाने तळ्याची रचना निर्दोष आहे. ते प्रत्येकाला पाणी पिऊ देते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचे सरकारदप्तरी आले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे वस्तूही अनुकूल आणि नियमही अनुकूल. तरी २० मार्च १९२७ पर्यंत ओंजळ पाण्याला लागली नाही, आणि लागली त्या दिवशी लाठ्या चालल्या. पुढे उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले.

या दहा वर्षांचा हिशेब अफॉर्डन्सच्या कल्पनेत कोठे बसतो? नॉर्मन यांच्या पुस्तकात 'सांस्कृतिक बंधने' असे एक प्रकरणवजा विवेचन आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण तेथली उदाहरणे लिफ्टमध्ये तोंड कोणीकडे करून उभे राहावे, उपाहारगृहात कसे वागावे, वाहनाचा लाल दिवा मागे असतो की पुढे, अशा तऱ्हेची आहेत. त्यांच्या लेखी संस्कृतीचे बंधन म्हणजे माणसाचा गोंधळ कमी करणारी एक सोय. आपल्या लेखी तेच बंधन तळ्याच्या पायरीवर लाठी घेऊन उभे असते. एकाच शब्दाची ही दोन टोके आहेत, आणि या व्यवसायाचे सगळे पाठ्यक्रम पहिल्या टोकावर उभे राहून शिकवले जातात. भारतातले अभ्यासक्रमही दारांचीच उदाहरणे देतात. ज्या देशात एका तळ्यासाठी दहा वर्षे न्यायालयात काढावी लागली, तेथे रचनेचा पहिला पाठ महाडपासून सुरू व्हावा असे कोणाला सुचत नाही.

४

हे सारे तात्त्विक वाटेल. म्हणून रोजच्या पडद्याकडे येऊ. वापरकर्ता म्हणून कोणाची कल्पना केली आहे, हे पाहायचे तर अर्ज भरायला बसावे.

मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे मागासवर्गीय शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरले जातात. विद्यार्थ्याने आधार क्रमांक टाकला की एक सांकेतिक अंक मोबाइलवर येतो, ज्याला सगळे ओटीपी म्हणतात. काही मिनिटांत तो भरला नाही तर तो बाद होतो. ही रचना करणाऱ्याने गृहीत धरले आहे की माणूस आणि त्याचा फोन एकाच खोलीत असतात. आमच्या पोरापोरींचे तसे नाही. आधारला जोडलेला क्रमांक बापाचा असतो आणि बाप ऊसतोडीला गेलेला असतो. तो फडात असतो, फोन कोपीत चार्जिंग संपून पडलेला असतो. संध्याकाळी फोन लागतो तेव्हा बाप अंक वाचून दाखवतो, आणि तोवर त्याची मुदत टळून गेलेली असते. शेवटी पोरगा तालुक्याच्या सेवा केंद्रात जातो. तेथला माणूस पैसे घेऊन भराभर अर्ज भरतो, मोबाइल क्रमांक स्वतःचाच घालतो. पुढे अर्जात त्रुटी निघाल्याचा संदेश येतो तो त्या केंद्रवाल्याच्या फोनवर. विद्यार्थ्याला कळते तेव्हा तारीख उलटलेली असते.

येथे वापरकर्ता कोण? कागदावर तो विद्यार्थी आहे. पडद्यासमोर केंद्रवाला आहे. फोन बापाजवळ आहे. अनुभव तिघांत वाटला गेला आहे आणि नुकसान मात्र एकाच्याच वाट्याला आले आहे.

आता भाषा पाहा. मी साहित्याचा शिक्षक असल्यामुळे माझे लक्ष तिकडे आधी जाते. पडदा म्हणतो, 'कृपया वैध माहिती प्रविष्ट करा'. ही मराठी कोणाच्या घरात बोलली जाते? ब्राह्मणाच्याही घरात नाही आणि महारवाड्यातही नाही. इंग्रजी शब्दाला संस्कृत शब्दाचे टोपण चढवले की मराठी झाली, अशी ही समजूत. प्रमाणभाषेच्या दडपणाविरुद्ध दलित लेखकांनी जी लढाई केली ती पुस्तकाच्या पानावर बऱ्याच अंशी जिंकली गेली; पडद्यावर ती सुरूही झालेली नाही. त्यातही 'अवैध' हा शब्द पाहण्यासारखा आहे. आईचे नाव दाखल्यावर एक आणि आधारवर एक असले, 'सखूबाई' आणि 'सखुबाई' असा ऱ्हस्वदीर्घाचा फरक पडला, तरी पडदा नावाला अवैध ठरवतो. ज्यांची नावेच पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी वाकडीतिकडी लिहिली, त्यांना आता त्या लिहिण्याचा जाब द्यावा लागतो. नॉर्मन यांच्या शास्त्राचा पहिला नियमच असा की दोष वापरणाऱ्याच्या माथी मारू नये. तो नियम आमच्या पोरांपर्यंत पोचेपर्यंत गळून पडलेला असतो.

५

निदान येथे विद्यार्थ्याला कागदोपत्री तरी वापरकर्ता मानले आहे. दुसऱ्या पायरीवर तेही नाही.

२०२१ सालच्या मे महिन्यात केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने मनरेगाच्या कामावरील हजेरीसाठी 'नॅशनल मोबाइल मॉनिटरिंग सिस्टिम' नावाचे ॲप आणले. मे २०२२ पासून वीस वा अधिक मजूर असलेल्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे सोडून सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. मेटने आपल्या स्मार्टफोनवर मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढायचा. त्यावर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटायचे. फोटो चढला तर हजेरी, हजेरी तर मजुरी.

रोजगार हमीची कल्पना मूळची महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात ती उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बायांनी मस्टरवर अंगठा उठवताना मुकादमाची अरेरावी सोसली आहे. खोटी नावे, खाल्लेली मजुरी हे सारे खरे होते. तेव्हा हजेरीत चोरी होऊ नये हा हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. पण रचना पाहा. मजुराच्या हाती त्या ॲपमध्ये काहीच नव्हते. फोन मेटचा, बटण मेटचे, आकडे पाहणार दिल्ली. ज्याच्या घामाची नोंद व्हायची तो त्या पडद्याचा वापरकर्ता नव्हता. तो त्या पडद्यातले चित्र होता. कागदी मस्टरवर निदान त्याचा अंगठा होता. अंगठा उठवायला नकार देता येतो. फोटोत उभे राहिलेल्या माणसाला नकार कोठे नोंदवता येतो?

शिवाय अनेक ठिकाणी मजुरी कामाच्या मापावर होती. पहाटे उन्हाच्या आधी येऊन आपले माप पुरे करणारी बाई घरी जाऊ शकत होती. दुसऱ्या फोटोसाठी तिला थांबणे भाग पडले. डोंगराच्या कुशीत रेंज नसली तर केलेले काम न केल्यासारखे झाले. मनरेगाच्या मनुष्यदिवसांत निम्म्याहून अधिक वाटा स्त्रियांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या थांबण्याची किंमत कोणी दिली ते कळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये निरनिराळ्या राज्यांतले मजूर दिल्लीला जंतर मंतरवर धरणे धरून बसले. हे ॲप मागे घ्या, ही त्यांच्या मागण्यांतली एक. या व्यवसायात वस्तू बाजारात आणण्यापूर्वी माणसांवर तिची चाचणी घेण्याची पद्धत आहे. येथे ती चाचणी मजुरांनी स्वतःच्या खर्चाने, रस्त्यावर बसून दिली.

आणि चोरी थांबली का? ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात मंत्रालयानेच नोंदवले की असंबद्ध फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, नोंदलेले मजूर आणि दिसणारे मजूर जुळत नाहीत. उपाय काय सांगितला? फोटो माणसांनी तपासावेत. म्हणजे जो मुकादम नको म्हणून पडदा आणला तो मुकादम पडद्यामागे पुन्हा येऊन बसला, आणि बाईची दुपार मात्र गेली ती गेलीच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. कायदा बदलला म्हणून प्रश्न संपत नाही. हजेरीचे यंत्र ज्याच्याविषयी आहे त्याच्या हाती त्यातले काय आहे, हा प्रश्न प्रत्येक नव्या यंत्राला विचारावा लागणार आहे.

६

तिसरी पायरी शहरात आहे. तेथे वापरकर्ता ठळकपणे ठरलेला आहे: जो पैसे मोजतो तो. काम करणारा माणूस त्याच्यासमोर मांडला जातो.

घरपोच अन्न मागवणाऱ्या ॲपवर ग्राहकाला आणणाऱ्याचे नाव दिसते. रचनाकाराच्या मते ही विश्वासाची सोय आहे. पण या देशात नाव म्हणजे काय, हे बागूलांच्या कथासंग्रहाचे शीर्षक वाचणाऱ्याला सांगायला नको. ३० जुलै २०१९ रोजी जबलपूरच्या एका ग्राहकाने, आणणारा हिंदू नाही म्हणून, झोमॅटोवरील ऑर्डर रद्द केल्याचे जाहीरपणे लिहिले. कंपनीने अन्नाला धर्म नसतो असे बजावले, आणि ते योग्यच केले. पण अन्नाला नसलेला धर्म आणणाऱ्याच्या नावातून पडद्यावर आधीच पोचला होता, त्याचे काय?

पुढे १९ मार्च २०२४ रोजी त्याच कंपनीने 'प्युअर व्हेज' मोड आणि त्यासाठी हिरव्या गणवेशातला वेगळा ताफा जाहीर केला. ग्राहकांची मागणी होती, असे कारण दिले गेले. म्हणजे वापरकर्त्याचा अनुभव सुखाचा करायचा होता. शुद्ध अन्न आणायला शुद्ध माणूस आणि शुद्ध पेटी! विटाळाची ही कल्पना कोणा मठात मांडली गेली नाही. ती एका आधुनिक कंपनीत, वापरकर्त्याच्या पसंतीच्या नावाने मांडली गेली. टीकेचा भडिमार झाला आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घेण्यात आला. लाल गणवेशातल्या माणसांना सोसायट्या दारात अडवतील, हे कंपनीच्या प्रमुखांनीही मान्य केले. कौतुक याचे, की चूक एका दिवसात उमगली. खेद याचा, की हे जाहीर होईपर्यंत जेवढ्या टेबलांवरून गेले असेल, त्यांतल्या एकाही टेबलावर ते अडले नाही. अडवणारा माणूस तेथे बसलेला नव्हता, किंवा बसलेला असला तर बोलू शकला नाही.

मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई मिळण्याची सेवा काढली आणि तिचे नाव ठेवले 'इन्स्टा मेड्स'. आरडाओरडा झाल्यावर ते 'इन्स्टा हेल्प' झाले. महाराष्ट्रात घरेलू कामगार हा शब्द संघटनांनी वर्षानुवर्षे झगडून मिळवला. २००८ साली त्या नावाने कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो शब्द पडद्यावर पोचता पोचता पुन्हा मोलकरीण झाला, ती देखील चहाच्या पुडीसारखी, गरम पाण्यात टाकताच तयार होणारी.

फसव्या पडद्यांविरुद्ध कायदा नाही असे नव्हे. अशा रचनांना 'डार्क पॅटर्न' हे नाव २०१० साली हॅरी ब्रिग्नल यांनी दिले. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि असे तेरा प्रकार निषिद्ध ठरले. ग्राहकाच्या गळ्यात नको ती वस्तू बांधणे, वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे, इत्यादी. चांगले झाले. पण तेराच्या तेरा प्रकारांत फसवला जाणारा माणूस ग्राहक आहे. डबा घेऊन जिना चढणारा माणूस या तेरांत कोठेच नाही.

७

याचे मूळ व्यवसायाच्या पद्धतीत आहे, व्यक्तींच्या दुष्टपणात नाही. हे लोक आपले काम 'सहानुभूती'पासून सुरू करतात. वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, असा त्यांचा पहिला धडा. आणि त्याचे साधन म्हणजे 'पर्सोना'. ॲलन कूपर यांनी १९९९ सालच्या पुस्तकात ही युक्ती लोकप्रिय केली. काही मुलाखती घ्यायच्या, त्यांतून एक काल्पनिक माणूस तयार करायचा, त्याला नाव, वय, चेहरा, सवयी द्यायच्या, आणि पुढे सगळ्यांनी त्याच्यासाठी रचना करायची.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे पात्र ओळखीचे वाटेल. मध्यमवर्गीय मराठी कादंबरीत दलित असाच येत होता: लेखकाच्या कळवळ्यातून घडलेला, सोशीक, कृतज्ञ, आणि स्वतः कधी न बोलणारा. त्याला नाव होते, चेहरा होता, पण लेखकाला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. दलित आत्मकथनाने केले काय, तर हे पात्र कादंबरीतून उठले आणि स्वतः लेखणी घेऊन बसले. सहानुभूती आणि स्वानुभव यांतले अंतर मराठीत त्या दिवशी दिसले. पर्सोना रचनाकाराला विचारीत नाही की तुझ्या पगारात माझा वाटा किती. जिवंत माणूस विचारतो, म्हणून कागदी माणूस सोयीचा.

गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतीय समाजशास्त्रांविषयी एक कठोर निरीक्षण मांडले होते. सिद्धान्त मांडणारे एका बाजूला आणि अनुभवाची सामग्री पुरवणारे दुसऱ्या बाजूला, अशी श्रमविभागणी तेथे आहे आणि तिला जातीचा वास आहे. पुढे त्यांचा आणि सुंदर सरुक्काई यांचा या प्रश्नावरील वाद 'द क्रॅक्ड मिरर' या नावाने २०१२ साली पुस्तकरूप झाला. ते निरीक्षण येथे जसेच्या तसे लागू पडते. वस्तीतली बाई मुलाखत देते, तिचा अनुभव चिकटचिठ्ठीवर जाऊन भिंतीला लागतो, आणि त्यावरून निर्णय घेतात ते दुसरेच. अनुभव तिचा, रचना त्यांची.

८

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे धोरणाचे दोष आहेत, बटणांचे नव्हेत. बिचारा रचनाकार काय करणार? अर्धा भाग खरा आहे. पण चवदार तळ्याच्या बाबतीत धोरण योग्य होते आणि पायरी अडवली गेली होती. धोरण माणसाला भेटते ते पायरीवर. पायरी बांधणाऱ्याला धोरणामागे लपता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, या व्यवसायाच्या पोटातूनच आता टीका होते आहे. होय, होते आहे. नॉर्मन यांनी स्वतःच 'वापरकर्ता' हा शब्द टाकून माणसांविषयी बोला असे पुढे लिहिले, आणि २०२३ सालच्या पुस्तकात एका माणसाच्या सोयीपलीकडे अवघ्या मानवजातीचा विचार करण्याची भाषा केली. साशा कोस्टान्झा-चोक यांच्या 'डिझाइन जस्टिस' या २०२० सालच्या पुस्तकाने तर रचना कोण करतो आणि भोगतो कोण हाच प्रश्न केंद्रस्थानी आणला. हे आपले मित्र आहेत. पण जात हा शब्द त्यांच्याकडून आपल्याला तयार मिळणार नाही. तो आपणच घेऊन गेले पाहिजे.

तो नेता येतो, याचा दाखला अपंगांच्या चळवळीने दिला आहे. आमच्याविषयीचे काही आमच्याशिवाय नको, हे त्यांनी जगाला ऐकवले. अपंगांना संकेतस्थळे वापरता यावीत म्हणून १९९९ साली पहिले आंतरराष्ट्रीय मापदंड निघाले. आणि अगदी अलीकडे, ३० एप्रिल २०२५ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बँकेच्या ओळखतपासणीत माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठी पडदा त्याला डोळे मिचकावायला सांगत होता. ॲसिडहल्ल्यात ज्यांचे डोळे गेले त्या कसे मिचकावणार? न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रचनाकाराने माणसाची जी व्याख्या केली होती तिच्यात माणसे मावत नव्हती. संविधानाने ती व्याख्या दुरुस्त करायला लावली. पडद्याची मांडणी हा हक्काचा प्रश्न आहे, हे आता कायद्याने मान्य केलेले सत्य आहे.

मग आपण काय करायचे? कार्यकर्त्यांनी प्रत्येक नव्या ॲपला तीन प्रश्न विचारावेत. फोन कोणाच्या हाती आहे? ज्याच्याविषयी नोंद होते त्याला ती पाहता आणि खोडून काढता येते का? आणि पडदा चालला नाही तर कागदाची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे का? शिक्षकांनी अर्ज, सूचना, चुकीचे संदेश हे पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याइतक्याच काळजीने वर्गात वाचायला घ्यावेत. प्रमाणभाषेचे राजकारण त्यांतून जितके स्वच्छ शिकवता येते तितके क्वचितच कशातून. आणि या व्यवसायात गेलेल्या आपल्या मुलामुलींना एक सांगणे आहे. त्या काचेच्या इमारतीत आडनाव लपवून बसण्याचा मोह होईल, तो समजण्यासारखा आहे. पण त्या टेबलावर आपल्याला जे दिसते ते शेजारच्याला दिसत नाही, कारण तो त्या पायरीवर कधी अडवला गेलेला नाही. ओटीपीची मुदत दहा मिनिटे असावी की एक दिवस, हे ठरताना बोलणारे एक जरी माणूस तेथे असले, तरी फडातल्या बापाचा फोन लागेपर्यंत पोरीचा अर्ज जिवंत राहील. तेवढे बोला.